रविवारचं वजन

“अठ्ठ्याहत्तर,” देवयानीने काट्यावर वाकून वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “अठ्ठ्याहत्तरच.”

विलासिनी काट्यावरून उतरली. ओसरीत पेपर वाचत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, भार्गवनने, मान वर केली नाही, पण त्याचं पान उलटायचं थांबलं.

“मागच्या रविवारी सत्त्याहत्तर होतं,” देवयानी म्हणाली. ती भार्गवनची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून इथेच राहायची. “रोज तासभर पोहून वजन वाढणारी बाई अख्ख्या ओट्टपालममध्ये तू एकटीच असशील गं.”

विलासिनी पायाच्या बोटांकडे बघत राहिली. शेजारच्या अंगणातला झाडूचा आवाजही थांबला होता. म्हणजे तिथेही ऐकू गेलं होतं.

वर्षापूर्वी गुडघा सुजला तेव्हा ती चौऱ्याऐंशी किलोंची होती. डॉक्टर लिसीने सांगितलं, चालू नका, पोहा. सत्तरवर या, गुडघा वाचेल. पोहायचं म्हणजे देवळामागच्या तळ्यात. तिथल्या बायकांच्या घाटावर अंघोळीला सगळ्याच जात, पण हातपाय मारायचे ते चौदा वर्षांपर्यंत. पुढे दोन बुड्या मारायच्या आणि बाहेर यायचं. एक्कावन्न वर्षांची बाई रोज पहाटे तळं ओलांडून पलीकडे जाते म्हटल्यावर कुजबुज झालीच. भार्गवन जो भेटेल त्याला सांगत सुटला, “औषध आहे ते. डॉक्टरांनी लिहून दिलंय.” कुजबुज थांबली.

विलासिनीही तेच सांगायची. “काय करणार, औषध.” पण सांगताना तिला चोरट्यासारखं व्हायचं. पहिल्या दिवशी पाणी गळ्याशी आलं, तिने पाय उचलले आणि सदतीस वर्षांनी अंगाचं ओझं वाटेनासं झालं. पलीकडच्या पायरीला हात लावून ती परतली आणि मध्यावर उताणी पडून राहिली. तिला हसू फुटलं. लगेच तिने घाटावर कोणी आहे का ते पाहिलं. औषध घेताना कोणी हसतं का?

आठ महिन्यांत काटा बहात्तरवर आला. गुडघ्याची सूज गेली, देवळाच्या पायऱ्या ती न थांबता चढू लागली. त्या रविवारी भार्गवनने खुशीत पायसम करायला लावलं. “दोनच किलो राहिले. मग सुटलीस बघ पहाटेच्या गारठ्यातून,” तो म्हणाला.

त्याच महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुबईला गेली. आणि विलासिनीचं वजन वाढायला लागलं.

“होतं असं,” डॉक्टर लिसी म्हणाली. “घर रिकामं झालं की माणूस खातं.” विलासिनीने मान हलवली.

देवयानीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. खोबरं आणि तूप कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं. विलासिनीच्या ताटात पेज आणि उकडलेली भाजी. ती तेच खायची. तरी काटा वर. म्हणून अठ्ठ्याहत्तर भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देवयानी तिच्या मागोमाग निघाली.

विलासिनी तासभर पोहली. ओले केस पिळून घाट चढली आणि घराकडे वळायच्या ऐवजी बसथांब्यावर गेली. तिथे हमसाची चहाची टपरी होती. रिक्षावाले बसत त्याच्या मागच्या बाकावर ती जाऊन बसली. हमसाने न विचारता पिकल्या केळ्याच्या तळलेल्या चार पळंपोरी तिच्यासमोर ठेवल्या.

पहिली तिने भराभर खाल्ली. दुसरी सावकाश. तिसरीला तिने डोळे मिटले. चौथी चहाच्या घोटाबरोबर गेली.

“रोज येते ही?” देवयानीने हमसाला विचारलं.

“रोज. मोजून चार,” हमसा म्हणाला.

विलासिनीने वर पाहिलं. तिच्या बोटांना तेल लागलेलं होतं. ते कुठे पुसावं तिला कळेना. दोघी घरी आल्या.

देवयानीने ओसरीतच सगळं सांगितलं. भार्गवनचा चेहरा उतरला.

“टपरीवर? रिक्षावाल्यांच्यात बसून?”

विलासिनीने तेलकट बोटं ओल्या पदराला पुसली.

“घरात उपाशी ठेवतो आम्ही तुला, असंच म्हणतील ना लोक?” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “भूक लागते का तुला? मुलीची आठवण येते म्हणून होतं का असं? सांग, मी रागावणार नाही.”

“भूक नाही लागत.”

“मग आवडते म्हणून खातेस?”

“नाही आवडत. तेल सोसत नाही मला. परवा वाटेत उलटी झाली.”

देवयानी तिच्याकडे बघतच राहिली. “अगं, मग कशाला गिळतेस?”

विलासिनीच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. मान वर न करता ती म्हणाली, “वन्सं, तेव्हा आणखी दोन किलो गेले असते, तर रोज तळ्यावर जायला मी काय कारण सांगितलं असतं?”