पहिली मेढ

बायको, अदोयो, गेल्याचं कळलं तेव्हा ओगाडा किसुमूच्या बंदराबाहेर सरोवरातल्या जलपर्णीत अडकला होता. किनारा समोर दिसत होता. ती होती त्या दवाखान्याचं छप्परही दिसत होतं.

फोनवर थोरला भाऊ ओकेच होता, गावाहून. सकाळी नऊलाच गेली म्हणाला, तुझा फोन लागत नव्हता. डॉक्टरांनी तिला शुक्रवारी घरी सोडतो म्हटलं होतं, म्हणून ओगाडा कामावर आला होता. ओकेच पुढचंच बोलत होता. बाईला तिच्या स्वतःच्या घराच्या दाराशी पुरायचं असतं, आणि अदोयोला घरच नव्हतं. बारा वर्षं दोघं शहरात भाड्याच्या खोलीत राहिली होती. आता गावात घर उभं राहीपर्यंत तिला तिकडे नेता येणार नव्हतं. माणसं जमली होती, वासे तोडून झाले होते. पण घराचा पहिला खांब, पहिली मेढ, नवऱ्याने रोवायची.

"दिवस मावळायच्या आत ये," ओकेच म्हणाला.

ओगाडाने फोन खिशात टाकला आणि पुन्हा बांबू हातात घेतला. यंत्राचा पंखा मुळांत गच्च गुंतला होता. बांबू रेटला की नाव वीतभर सरके आणि परत जागेवर येई. सकाळी वारा जमिनीकडून असतो, तेव्हा जलपर्णी लांब जाते. अकराच्या सुमाराला वारा फिरतो आणि ती परत येते. बंदरावर हे सगळ्यांना ठाऊक आहे. ओगाडालाही होतं. पण नावेतल्या बायांना अजून पाणघोडा दिसला नव्हता, म्हणून तो अर्धा तास जास्त थांबला होता.

बाया तिघी होत्या, नैरोबीहून फिरायला आलेल्या शिक्षिका. त्यांतली मुथोनीबाई सगळ्यांत बोलकी.

"पाणघोडा दाखवा म्हटलं होतं आम्ही," ती म्हणाली. "त्याच्या घरी मुक्कामाला न्या असं नव्हतं म्हटलं."

दुसऱ्या दोघी हसल्या. ओगाडाने त्यांना काही सांगितलं नाही. त्या विचारत होत्या, तो उत्तरं देत होता. ते जुनं धक्क्याचं गोदाम. ती पलीकडची बेटं. उद्या त्या किट मिकायीचे खडक बघायला जाणार होत्या. किट मिकायी, म्हणजे पहिल्या बायकोचा खडक, असं नाव का, हे मुथोनीबाईने विचारलं. ओगाडाने ही गोष्ट हजार वेळा सांगितली होती. एक म्हातारा रोज सकाळी त्या खडकांत जाऊन बसायचा. बायको जेवण तिकडेच पोचवायची. नवरा कुठे असं कुणी विचारलं की म्हणायची, गेलेत पहिल्या बायकोकडे.

"आणि ती बायको मेल्यावर म्हाताऱ्याने काय केलं?"

"गोष्टीत ते नाही, बाई."

तीनच्या सुमाराला ओलुओच आला. सत्तरीचा कोळी, अरुंद नाव, तळाशी ओलं जाळं. तो बांबूने जलपर्णी फाडत आला आणि त्याच्या मागे ती पुन्हा मिटत गेली. दाटीवाटीने चौघं मावतील म्हणाला. ओगाडाने तिघींना एकेक करून त्याच्या नावेत उतरवलं. तासाभरात किनारा, तिथून गाडीने दोन तासांत गाव.

"चल पोरा, तूही ये," ओलुओच म्हणाला. "तुझी नाव कुठे पळून जात नाही."

ओगाडाने एक पाय उचलला होता. बायको मातीत जाईपर्यंत माणसाने दुसऱ्याच्या नावेत पाय ठेवायचा नसतो. त्या नावेला मग मासा लागत नाही. ओलुओचला काही माहीत नव्हतं. बंदरावर अजून कुणालाच नव्हतं. ओलुओचची दोन मुलं याच नावेवर जगत होती.

ओगाडाने पाय खाली घेतला.

"बाबा, अदोयो गेली. सकाळी."

ओलुओचने नावेच्या फळीवरून हात फिरवला. मुथोनीबाई उठायला लागली. आधी यांना न्या, म्हणाली, आम्ही थांबतो. ओलुओचने तिला खालच्या आवाजात कारण सांगितलं. असल्या वेळी हे कसले नियम, असं ती म्हणाली.

"नाव त्यांची आहे, बाई," ओगाडा म्हणाला.

"तू न बोलता बसला असतास," ओलुओच म्हणाला, "तर मला कळलं नसतं."

"संध्याकाळी कळलं असतं."

ओलुओचने आपली पाण्याची बाटली आणि पानात बांधलेलं उकडलेलं रताळं त्याच्या नावेत ठेवलं. रात्री वारा फिरेल, पहाटे वाट होईल, म्हणाला. मग त्याने बांबू रेटला. मुथोनीबाई मागे वळून बघत राहिली. थोड्या वेळाने नाव गेल्याची खूणही उरली नाही.

ऊन कललं तेव्हा ओकेचचा पुन्हा फोन आला. कुठवर आलास, म्हणून विचारलं. ओगाडाने सांगितलं. पलीकडे माणसांचे आवाज येत होते. ओकेच त्यांच्याशी बोलून परत फोनवर आला. गावच्या म्हाताऱ्यांनी वाट काढली होती. नवऱ्याच्या सख्ख्या भावाने मेढ रोवली तरी चालणार होती. खड्डा तयार होता.

"फक्त एवढं सांग," ओकेच म्हणाला, "दार कुणीकडे करू? रस्त्याकडे का पाण्याकडे? दोन्ही चालतंय म्हणतात. तिला कसं हवं होतं?"

ओगाडाने किनाऱ्यावरच्या दवाखान्याच्या छपराकडे पाहिलं. बारा वर्षांत अदोयोला ते विचारायचं राहून गेलं होतं.