मागचं दार

सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला निघाले आणि त्यांची लांब हिरवी मोटार नगरच्या कॅम्पात विकायला निघाली. भंडारदऱ्याच्या चढावरही दम न लागणारी तसली गाडी जिल्ह्यात दुसरी नव्हती. मी, कादर, तिचा ड्रायव्हर.

माझी रीत ठरलेली होती. मागचं डावं दार उघडायचं, मडमसाहेब बसल्या की स्प्रिंगा दबायच्या, मग दार लावायचं.

गाडी विकायच्या वर्षभर आधी मडमसाहेब हिवतापानं गेल्या. दुसऱ्या दिवशी सवयीनं मी दार उघडलं, तर स्प्रिंगा दबल्या. मी दार लावलं. पुढं रोज तेच. भीती वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही.

गाडी तिसगावच्या कानिफनाथ बागाईतदारांनी घेतली. चाकाखाली लिंबू ठेवून ते आपल्या ड्रायव्हरशेजारी पुढं बसले. मी मागचं दार उघडलं.

"कादरभाई, मागं कोन बसायचंय?"

"कुनी न्हाई, शेठ. सवय हाय."

मी वाट पाहिली. स्प्रिंगा दबल्या नाहीत.

"लावा की मग दार!"

मी दार लावलं. लिंबू चिरडून गाडी निघून गेली.

भर दुपारी मी माझ्या खोलीवर आलो. दार उघडलं आणि का कोण जाणे, उंबऱ्याबाहेर जरा बाजूला थांबलो. मग आत जाऊन बाजेच्या कडेला टेकलो.

माझ्या डाव्या अंगाला बाजेचा सुंभ करकरला आणि हळूहळू खाली दबला.

मी उठलो आणि दार लावलं.