तासभर एकांत

पूजेची चाळीस माणसं जेवून गेली आणि विराज कपाळ धरून म्हणाला, "मी मुळात अबोल माणूस गं. मला आता तासभर एकांत हवा. तू आवरशील ना?"

मघाशी पंगतीत विनोद सांगून टाळ्या मागणारा हा अबोल माणूस बेडरूमचं दार लोटून आडवा झाला. माणसांनी खरोखर जीव शिणायचा तो हेमांगीचा. तिच्या वाट्याला खरकटी ताटं आली.

बेल वाजली. विराजच्या ऑफिसातले सहा जण तीर्थप्रसादाला आले होते.

"वहिनी, साहेब कुठे दडलेत?"

"आत तुमचीच वाट बघतायत. जा, दार नुसतं लोटलंय."

शिऱ्याचं पातेलं त्यांच्या हाती देऊन हेमांगीने गॅलरीत जाऊन गॅलरीच्या दाराला बाहेरून कडी घातली.

"अगं, चहा टाक!" तिसऱ्या हाकेनंतर विराज स्वतःच भांडी वाजवू लागला, तेव्हा तिने खुर्ची सावलीत ओढली.