सदरा नसलेला माणूस

चौकटीवर कोरलेली खूण आणि कट्यारीच्या मुठीवरची खूण येर्गने तीनदा ताडून पाहिली. दंताळ्याचे तीन दात आणि खाली आडवी रेघ. तीच होती. या डोंगरांत प्रत्येक घराची आपली खूण असते. ती हत्यारावर असते, गाईच्या कानावर असते, चीजच्या ढेपेवरही असते. काल खालच्या बाजारात चीजवर ती दिसली आणि येर्गचा दोन महिन्यांचा शोध संपला. विकणारा म्हणाला होता, "वेरेनाबाईंची ती. नवरा नाही, एकच मुलगा. तोही फ्रान्सच्या राजासाठी लढायला पावियाला गेला होता." पुढचं ऐकायला येर्ग थांबलाच नव्हता.

ऐकणार काय? त्या मुलाला पावियात त्यानेच मारलं होतं.

आपल्या आईला तोंड दाखवण्याआधी या आईचे पाय धरायचे, एवढंच त्याने ठरवलं होतं. दार उघडलं, ताठ कण्याची एक बाई समोर आली आणि त्याची जीभ ऐनवेळी फितूर झाली.

"मावशी, मी तुमच्या मुलाचा सोबती. पावियाला बरोबर होतो."

वेरेनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बोली जर्मन मुलखातली, स्वाबियाकडची दिसते तुझी."

"हो. पण लढलो तुमच्याच बाजूने."

"असं होय. ये मग, आत ये."

टेबलावर दोन वाडगे मांडलेले होते. बिचारी अजूनही पोराचं पान मांडते, असं येर्गला वाटलं. तिने तिसरा वाडगा काढला आणि सातूचं गरम कढण वाढलं. त्याने कट्यार टेबलावर ठेवली. ती तिने ओळखली, पण डोळ्यांत पाणी आलं नाही.

"गेला कसा तो?" तिने विचारलं.

"वाघासारखा लढला. घाव छातीवर झेलला."

"छातीवर? आमचा योस्ट?" तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "लहानपणी बोकडाला भ्यायचा."

चोराच्या मनात चांदणं. येर्गला दरदरून घाम फुटला. चुलीची धगही होती. त्याने डगल्याचे वरचे बंद सोडले. आतला पांढरा सदरा दिसला, आणि वेरेनाची नजर त्याच्या गळपट्टीवर अडकली.

"हा निळा दोरा कुणी घातला?"

"आईने. एका चादरीतून दोघा भावांना सदरे शिवले, तर पांढरा दोरा पुरला नाही. मग गळ्याशी निळा घातला. आम्ही खूप हसलो होतो."

"दोघा भावांना?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. तिने त्याच्या वाडग्यात लोण्याचा गोळा टाकला. "कुठाय रे तो?"

"बास्टी? धाकटा आहे. लढाईत चुकामूक झाली आमची. पण मेला नाही तो. मेलेला एकेक पांढरा सदरा मी माझ्या हाताने उलथून पाहिला. मऊ काळजाचा आहे, पळाला असणार. आत्ता आईच्या चुलीशी बसून माझ्या वाटचं खात असेल." येर्ग हसला. आज पहिल्यांदाच.

वेरेनाच्या हातातली पळी थांबली. तिने कट्यारीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पोरा, खरं सांग. ही तुला कुठं मिळाली?"

तिने तसं 'पोरा' म्हटलं नसतं, तर कदाचित त्याने खोटं रेटलं असतं. आता तो जमिनीवर कोसळला आणि तिच्या पायांना बिलगला.

"मी तुमच्या बाजूचा नाही, मावशी. बादशहाच्या जर्मन फौजेतला आहे. तुमच्या-आमच्यात कुणी कुणाला जिवंत धरत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. धुकं होतं. आम्हाला हुकूम होता, चिलखतावर पांढरे सदरे चढवा, सदरा नसेल तो शत्रू. ओढ्याकाठी एकजण पाठमोरा वाकला होता, पाणी पीत होता. अंगात सदरा नव्हता. मी भाला घातला. तोंडसुद्धा पाहिलं नाही. तो पाण्यात पालथा पडला, मी त्याच्या कमरेची कट्यार ओढली आणि पळालो. तहानलेल्या माणसाला मागून मारलं मी! झोपलो की तो पाठ करूनच उभा असतो."

 तोंडात डोक्यावरच्या रुमालाचा बोळा कोंबून वेरेना रडू लागली. तिने आपला खरखरीत हात त्याच्या डोक्यावर ठेवला. शत्रूच्या डोक्यावर कुणी ठेवत नाही तसा.

"तुला माफ केलं," ती म्हणाली. "देवानेही करावं. पण आता ऊठ. जा. मागच्या दाराने जा."

"मावशी, एकदा त्याचं नाव घेऊन..."

"कुणाचं नाव घेऊ नकोस! जा म्हणते ना!"

ती त्याला अक्षरशः ढकलत मागच्या दाराशी घेऊन गेली. पण दार बाहेरूनच उघडलं. दुधाची बादली घेतलेला एक उंच तरणा पोरगा उंबऱ्यात उभा होता.

"आई, कोण आलंय गं?"

आई! येर्गने त्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वेरेनाकडे. मेला नव्हता तर! हिचा मुलगा जिवंत होता! दोन महिने छातीवर बसलेला धोंडा उतरला. तो एकाच वेळी हसू आणि रडू लागला.

"योस्ट, गोठ्यात जा," वेरेना किंचाळली. "आत्ताच्या आत्ता!"

पण योस्टचं लक्ष येर्गच्या गळ्याकडे गेलं होतं. त्याचा चेहरा उजळला. त्याने बादली खाली ठेवली आणि खांद्यावरचं घोंगडं बाजूला सारून आपली गळपट्टी पुढे केली. पांढऱ्या सदऱ्याला निळा दोरा होता.

"बास्टीचा थोरला भाऊ ना तू? तो म्हणालाच होता, तुझ्याही सदऱ्याला असाच दोरा आहे. ओढ्याकाठी सापडलो होतो मी त्याला. मारायचं सोडून त्याने अंगातला सदरा काढून मला चढवला, म्हणाला, आता तुला कुणी हात लावणार नाही. माझ्याजवळ द्यायला नुसती कट्यार होती, तीच त्याच्या कमरेला खोचली." त्याने येर्गचे दोन्ही हात हातात घेतले. "पोहोचला ना तो घरी?"