दारातली गाडी

सात वर्षांची ऋतिका तापानं गेली आणि नागेंद्रनं दारातली गाडी परत कधी चालू केलीच नाही. टायर बसले, काचांवर धूळ साचली. शहापूरच्या त्या अरुंद गल्लीतून जाणारा प्रत्येक जण तिला शिव्या घालूनच पुढं सरकायचा. "विका की हो ती," माधवी सांगून सांगून थकली. त्याच गाडीत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती दवाखान्याला गेली होती. रोज दार उघडलं की तीच गाडी समोर. नागेंद्र म्हणायचा, "असू दे गं," आणि आत जायचा.

पालिकेनं बेवारस गाड्या उचलायचं काढलं, तेव्हा माधवीनंच गुपचूप फोटो पाठवला. काचेवर नोटीस लागली, मुदत संपली आणि आज नागेंद्र कामावर गेल्यावर क्रेन आली.

"आक्का, वाईच मागं सरा," क्रेनवाला म्हणाला. "गाडी निघाली की लगेच डांबर टाकत्यात. मागच्या बारीला हिच्यापायीच एवढा तुकडा राहिलता न्हवं!"

गाडी वर गेली. खाली जुना रस्ता तसाच होता, बरोब्बर गाडीएवढा. त्यावर लंगडी घालायला पांढऱ्या ऑइल पेंटनं आखलेली जिबलीची घरं. शेवटच्या घरात वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ऋतिका'.

डांबराचा टेम्पो गल्लीत वळला.



माधवीनं आपली स्कूटी आणली, त्या घरांवर आडवी लावली आणि हँडल लॉक केलं.