गरुडाची बाजू

"गाडी लंगडतेय तुमची, गरुडराव," काकू जमिनीवर उकिडव्या बसून म्हणाल्या आणि त्यांनी चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावला. चालवणाऱ्याच्या बाजूला एकोणीस इंच. शेजारच्या बाजूला साडेसतरा. त्यांनी पुन्हा मोजलं नाही. तीस वर्षं जीपच्या स्प्रिंगा बदलणाऱ्या बाईला टेप दोनदा लावायची सवय नसते.

गरुड बोनेटला टेकून उभा होता. धिप्पाड माणूस, शंभर किलोच्या वरचा. डोंगरावरच्या दवाखान्यांना औषधं पोचवायचं काम बावीस वर्षं त्याच्याकडे होतं. दाट धुक्यातही याला रस्ता दिसतो म्हणून लोकांनी गरुड नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की त्याचं खरं नाव सांगायला बायकोलाही जरा आठवावं लागे. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. अंगाने अगदी चिमणी.

"सोमवारी तपासणी आहे," गरुड म्हणाला. "गाडी सरळ उभी दिसली नाही तर काम दुसऱ्याला देणार आहेत. या बसलेल्या स्प्रिंगा काढा आणि दोन इंच उंच टाका. चांगल्या जाड."

"दोन्हीकडे जाड टाकून कसं चालेल? गाडी अशीच वाकडी राहील, फक्त उंचावर." काकू उठल्या. "जाड एकाच बाजूला जाणार. कुठल्या, ते आधी बघू दे."

त्यांनी गाडीखाली दोरी ताणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापं घेतली. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सुतात होती, कुठे वाकलेली नव्हती. म्हणजे दोष वजनाचा. मागच्या खोक्यांचं काय, त्यांनी विचारलं.

"ते मी काट्यावर तोलून भरते," बायको म्हणाली. "दोन्हीकडे सारखे."

काकू कोड्यात पडल्या, आणि कोड्यात पडायची त्यांना मनस्वी चीड होती. आजवर बघितलेल्या शेकडो गाड्या चालवणाऱ्याच्या बाजूला बसलेल्या होत्या. बसणारच. शेजारची सीट कधी भरते, कधी रिकामी जाते, पण चालवणारा रोज असतो. इथे चालवणारा असा पहाडासारखा, आणि त्याच्याखालची स्प्रिंग जवळजवळ कोरी. शेजारची मात्र पार मेलेली.

"दुसरं कुणी चालवतं का हो गाडी?"

"या स्टिअरिंगला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही," गरुड म्हणाला. "जाड स्प्रिंग माझ्या बाजूला टाका आणि विषय संपवा."

गाडी रॅम्पवर घ्यायची म्हणून काकूंनी चालवणाऱ्याचं दार उघडलं. त्यांना आत शिरताच येईना. सीट पार पुढे ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला अडले. सीटवर जाडजूड उशी. आरसा एवढा खाली वळवलेला की त्यात त्यांना स्वतःची मान दिसली. शेजारची सीट मात्र शेवटच्या खाचेपर्यंत मागे होती, मध्ये घमेल्यासारखी खोल दबलेली. तिच्या पुढच्या कप्प्यात बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा होता.

या गाडीत कोण कुठे बसतं, ते काकूंना कळून चुकलं. कोडं सुटलं म्हणून त्यांना आधी बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. बावीस वर्षांचं नाव होतं ते. पण तपासणीत काम गेलं तर नुसतं नाव घेऊन काय करणार हा माणूस?

त्या बाहेर आल्या. फळीवरून दोन स्प्रिंगा उतरवून त्यांनी टेबलावर उभ्या केल्या, एक साधी, एक जाड.

"तुमची गाडी, तुमचं ऐकीन मी," त्या म्हणाल्या. "पण एक ध्यानात घ्या. जाड स्प्रिंगवर हलकं माणूस बसलं तर ती बाजू आणखी वर जाईल आणि दुसरी आणखी खाली. सोमवारी साहेबाला फाटकातूनच दिसेल. मग माझ्याकडे यायचं नाही. मी स्प्रिंगची गॅरंटी देते, माणसाच्या शब्दाची देत नाही. सांगा, कुठे टाकू?"

 गरुडाने रुमाल काढून कपाळ पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा कपाळ.

"ते म्हणतात तसंच टाका, काकू," स्टुलावरून बायको म्हणाली.

आवाज अगदी साधा होता. काय होणार ते तिला पुरतं ठाऊक होतं. हातचं काम गेलं तर जाऊ दे, पण या माणसाकडे कुणी बोट दाखवलेलं तिला खपणार नव्हतं. काकूंना तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

गरुडाने बायकोकडे मान वळवली. एवढ्या अंतरावरून तिचा चेहरा त्याला काय दिसला असेल कोण जाणे, पण तो बराच वेळ बघत राहिला.

"सोमवारी साहेबासमोर गाडी तू आणायचीस," तो तिला म्हणाला. "लायसन्स जवळ ठेव."

मग बोनेटवर हात टेकत टेकत तो वळसा घालून पलीकडे गेला. दाराची कडी चाचपून त्याने दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसला. गाडी त्या अंगाला आणखी बोटभर खाली गेली.

"जाड स्प्रिंग माझ्याच बाजूला टाका, काकू," तो आतून म्हणाला. "चार वर्षं झाली, माझी बाजू ही आहे."