सिगारला जोड

“अरे डॉक्टर, ते शेपूट! डोकं त्या बाजूला!” चीफ ओरडले, पण तोवर दाताच्या डॉक्टरने क्युबाच्या सिगारचं नको ते टोक कच्चकन छाटलं होतं. तंबाखूचा भुगा टीपॉयवर पडला, सोफ्यावर पडला आणि थोडा त्याच्या होणाऱ्या बायकोच्या मांडीवर. म्हणजे, झालीच तर होणाऱ्या.

“दाढ उपटतोयस का रे?”

डॉक्टरने घाईघाईने दुसरंही टोक छाटलं. आता सिगार करंगळीएवढी उरली.

चीफ जन्मभर जहाजावर इंजिनं सांभाळून आता घरी बसले होते. कसलंही बंद इंजिन त्यांच्या हाताखाली मुकाट चालू व्हायचं. या सिगारने मात्र त्यांना टेकीला आणलं होतं. एकटी ओढली तर झकास, पण सोबत काय प्यायचं, ते जमेना. व्हिस्की घेतली की वायर जळाल्यासारखी चव. रम घेतली की खोकल्याचं औषध. दुधाच्या चहाबरोबर तर भिजलेली गादी चघळल्यासारखं वाटलं. शेवटी चिडून त्यांनी पणच लावला: हिला जोड शोधून देईल, तोच माझा जावई. आधीचा एकजण व्हिस्कीचं नाव घेऊन जिना उतरला होता.

“बाबा थट्टा करतायत ना?” डॉक्टरने फोनवर विचारलं होतं.

“थट्टा करत असते तर बरं झालं असतं,” मुलगी म्हणाली होती.

डॉक्टरने उभ्या जन्मात विडी ओढली नव्हती. त्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर तर एका सडक्या जबड्याचा हातभर मोठा फोटो होता आणि खाली लाल अक्षरांत ‘तंबाखू सोडा’. त्यामुळे व्हिडिओ बघून बघून त्याने जाणकारांचे चवीचे शब्द घोकले होते. देवदार, चामडं, मिरी. शेपूट कुठलं आणि डोकं कुठलं, ते बघायचं राहिलं.

त्याने झुरका घेतला आणि सरळ गिळला. डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर, तोंडातून एक बारीकशी शिट्टी.

“काय लागलं?” चीफ पुढे सरकले.

“दे... देवदार.”

“कपाटात होती ना पेटी,” चीफच्या बायको, काकू, तोंड सुपारीएवढंच उघडून म्हणाल्या. “लाकूड लागणारच.”

“चामडं,” डॉक्टर खोकत म्हणाला.

“त्याआधी बुटांच्या खणात होती.”

“आणि... मिरी?”

“मिरी मीच टाकली चार. कीड नको लागायला.”

“पोराला नाक आहे हो!” चीफनी मांडीवर थाप मारली. “आता बोल. जोड काय?”

तेवढ्यात डॉक्टरने राख झटकली, ती नेमकी स्वतःच्या पाण्याच्या पेल्यात. आणि घाबरून तो तेच पाणी प्यायला. काकूंना राहवेना. डोकं मागे टाकून त्या खदाखदा हसल्या.

डॉक्टरचं खोकणं एकदम थांबलं. काकूंच्या वरच्या दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी पट्टा. चहाचे डाग असे बसत नाहीत, दातवणाचे तर नाहीच नाहीत. त्याने चीफच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे पांढरीशुभ्र कवळी. मग पुन्हा काकूंकडे. आता त्याला लग्नही आठवेना, पैजही आठवेना. हे चाललंय तरी काय, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

“जरा पाणी घेऊन येतो,” तो म्हणाला आणि पेला बदलायला उठलेल्या काकूंच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरला.

काकूंनी नळ सोडला. “धूर गिळायचा नसतो रे. तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा.”

“काकू, एक विचारू?”

“विचार.”

“हल्ली दात दाखवलेत का कुणाला?”

काकूंचा हात नळावरच राहिला. बाहेरून चीफचा आवाज आला, “डॉक्टर, विझेल हां ती!”

“कुणाला सांगणारेस?” काकूंनी हळूच विचारलं.

“पेशंटचं बाहेर बोलत नाही मी,” डॉक्टर म्हणाला. “पण खरंच सांगा ना. कशाबरोबर छान लागते?”

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इतक्या वर्षांत हे कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

“कोरी कॉफी,” त्या म्हणाल्या. “कडक. साखर नावालाच. एक घोट, मग थांबायचं, मग झुरका. घाई केलीस की वाट लागली.” त्यांनी कॉफीला आधण ठेवलं. “आणि घरात कुणी नसावं.”

कप घेऊन डॉक्टर बाहेर आला. चीफनी घोट घेतला. “थांबा,” डॉक्टर म्हणाला. चीफ थांबले. मग त्यांनी झुरका घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मुलीने भुग्यासकट मांडी आवळून धरली होती.

“जमलं,” चीफ म्हणाले. “च्यायला, जमलं की! या पोराला सोडू नकोस गं.”

मुलीने श्वास सोडला. चीफनी आणखी एक घोट घेतला, आणखी एक झुरका. मग कपाळाला आठी पडली.

“पण डॉक्टर, अजून काहीतरी हवंय बघ याच्यात. एक कुठलीतरी गोष्ट. काय असेल?”

डॉक्टरने दाराकडे पाहिलं. काकू तिथे हात पुसत उभ्या होत्या. त्या हसल्या, ओठ घट्ट मिटून.